वजा कुणाच्या नावे?

‘१८ ग्रॅम ग्लुकोजचं पूर्ण ज्वलन झाल्यास किती उष्णता बाहेर पडेल?’ आमच्या भागातल्या बारावीच्या पूर्वपरीक्षेत हा प्रश्न होता. एका मुलानं पहिल्या ओळीत लिहिलं : एन्थॅल्पीतला बदल, दर मोलला −२८०३ किलोज्यूल. दुसऱ्या ओळीत : १८ ग्रॅम म्हणजे ०.१ मोल. तिसऱ्या ओळीत : बाहेर पडलेली उष्णता २८०.३ किलोज्यूल. उत्तरसूचीत छापलं होतं −२८०.३ किलोज्यूल. मुलाचा अर्धा गुण कापला गेला. तपासणाऱ्यानं त्याच्या आकड्याच्या डावीकडे लाल शाईची एक आडवी रेघ ओढून ठेवली होती. म्हणजे, वजा राहिला.

वजा राहिला नव्हता. तो ‘बाहेर पडलेली’ या दोन शब्दांत होता. मुलानं बदल लिहिताना चिन्ह घातलं आणि उष्णता कुठल्या दिशेनं गेली हे शब्दांत सांगितल्यावर चिन्ह काढलं. त्याला विषय कळलेला आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा उत्तरपत्रिकेत मिळत नाही. उलट उत्तरसूचीतलं वाक्य शब्दशः वाचा : ‘बाहेर पडलेली उष्णता उणे २८०.३ किलोज्यूल.’ याचा अर्थ २८०.३ किलोज्यूल आत गेली. त्या उत्तरसूचीप्रमाणे ग्लुकोज पेटवलं की खोली गार पडायला हवी.

बैठकीत मी हे मांडलं. उत्तर आलं, ‘मॅडम, अभिक्रिया उष्मादायी आहे ना? मग वजा लागतोच. कन्व्हेन्शन आहे.’ तेवीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवते आणि ‘कन्व्हेन्शन आहे’ या दोन शब्दांची मला चीड आहे. संकेत आहे हे मलाही ठाऊक आहे. तो कुणाच्या बाजूनं मोजायचा, कधी लावायचा, कधी लावायचा नाही, हे विचारलं तेव्हा त्या टेबलाभोवती कुणाकडेही उत्तर नव्हतं. ज्याच्याकडे होतं त्याचा अर्धा गुण गेलेला होता.

किराणा दुकानातली उधारीची वही पाहा. दुकानदार लिहितो, ‘अमक्याकडून ५०० येणे’. तेच ५०० गिऱ्हाईक आपल्या डायरीत लिहितं, ‘दुकानाचे ५०० देणे’. रक्कम एकच, वह्या दोन. ‘वजा ५०० देणे’ असं कुणी लिहीत नाही, कारण तसं लिहिलं तर दुकानदारच गिऱ्हाइकाचं देणं लागतो असा अर्थ होईल. चौथी शिकलेल्या माणसाला हा हिशेब समजतो. आपल्या भाषेत तर तो चिन्हांच्या नावांतच आहे. आपण धन आणि ऋण म्हणतो. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त अधिक-उणे संख्यांचे नियम सांगितले ते याच शब्दांत, संपत्ती आणि कर्ज. कर्ज म्हटलं की पहिला प्रश्न, कुणाचं? वर्गात ‘ऋण चिन्ह’ हा शब्द दिवसातून पन्नास वेळा उच्चारला जातो आणि हा प्रश्न एकदाही विचारला जात नाही.

−२८०३ हा आकडा ग्लुकोज आणि ऑक्सिजन यांच्या समाईक खात्यातला आहे. आधी १ मोल ग्लुकोज आणि ६ मोल ऑक्सिजन होते. नंतर ६ मोल कार्बन डायऑक्साइड आणि ६ मोल पाणी झालं. नंतरच्या शिलकेतून आधीची शिलक वजा केली की खात्यात किती फरक पडला ते कळतं. फरक ऋण, म्हणजे खात्यातून गेलं. कुठे गेलं? सभोवतालाकडे, आणि सभोवतालाच्या खात्यात तेच २८०३ धन म्हणून लागलं. यापलीकडे या चिन्हात गूढ काही नाही. पण एवढंही सांगायला वर्गात पाच मिनिटं लागतात आणि ती पाच मिनिटं वाचवण्यासाठी शिकवणीवाले ‘उष्मादायी म्हणजे वजा, उष्माग्राही म्हणजे अधिक, पाठ करा’ असं सांगून पुढे जातात.

वजा चिन्ह काढून टाका, असं मी मुळीच म्हणत नाही. ते काढलं तर विषयच उरत नाही. जर्मेन हेसनं १८४० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये दाखवलं की अभिक्रिया एका टप्प्यात होवो की दहा टप्प्यांत, उष्णतेची बेरीज तीच राहते. ती बेरीज चिन्हांसकटच करावी लागते. ग्लुकोजच्या निर्मितीची एन्थॅल्पी −१२७३, कार्बन डायऑक्साइडची −३९३.५, द्रव पाण्याची −२८५.८. शेवटच्या दोघांची सहापट करून बेरीज घ्या, −४०७५.८. त्यातून −१२७३ वजा करा, −२८०३ मिळतात. ज्यानं चिन्हं गाळून नुसते आकडे मिळवले त्याच्या हाती ५३४९ येतं, जवळजवळ दुप्पट. ज्वारीच्या पानात उन्हात ग्लुकोज तयार होतं तेव्हा तोच आकडा +२८०३ असतो, कारण रस्ता तोच आणि दिशा उलटी. चुलीपाशी आणि शेतात एकच आकडा चिन्ह पालटून उभा राहतो, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर सत्य वाटतं. म्हणूनच त्या चिन्हाची अशी परवड मला सहन होत नाही.

आता मुलांच्या बाजूनं पाहा. दहावीच्या विज्ञानात कळीच्या चुन्यात पाणी घातलं की समीकरणाच्या उजव्या बाजूला ‘+ उष्णता’ लिहिलेलं असतं. जीवशास्त्राच्या पुस्तकात श्वसनाचं समीकरण असतं, त्यातही ग्लुकोज आणि ऑक्सिजनपासून कार्बन डायऑक्साइड, पाणी ‘+ ऊर्जा’. रसायनशास्त्राच्या पुढच्या पुस्तकात त्याच अभिक्रियेपुढे ऋण आकडा येतो. तिन्ही बरोबर आहेत. पहिल्या दोन ठिकाणी उष्णता अभिक्रियेतून निघालेला माल म्हणून उजवीकडे मांडली आहे. तिसऱ्या ठिकाणी खात्यात पडलेला फरक लिहिला आहे. पण या तीन पानांमध्ये पूल बांधणारं एक वाक्य पुस्तकात नाही आणि वर्गातही बोललं जात नाही. मूल विचारतं, ‘मॅडम, मागच्या वर्षी अधिक होतं ना?’ आणि त्याला सांगितलं जातं की मागच्या वर्षीचं विसर. मागच्या वर्षीचं विसरायला लावणारं शिक्षण मला शिक्षण वाटत नाही.

याहून मोठी गफलत तर एकाच वर्षात होते. एनसीईआरटीची अकरावीची दोन पुस्तकं शेजारी उघडी ठेवा. ऊष्मागतिकीचा पहिला नियम भौतिकशास्त्रात असा येतो : दिलेली उष्णता म्हणजे आंतरिक ऊर्जेतली वाढ अधिक वायूनं केलेलं कार्य. रसायनशास्त्रात : आंतरिक ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता अधिक प्रणालीवर केलेलं कार्य. एकात वायूनं बाहेर केलेलं कार्य धन, दुसऱ्यात ऋण. पहिली रीत वाफेच्या इंजिनाच्या काळची आहे, जेव्हा इंजिनातून काम किती मिळतं एवढाच प्रश्न होता. दुसरी रीत सगळं प्रणालीच्याच वहीत मांडते. दोन्ही रीतींना कारण आहे, इतिहास आहे. सकाळी नऊला भौतिकशास्त्राच्या तासाला एक चिन्ह आणि दहाला माझ्या तासाला दुसरं. मधल्या दहा मिनिटांत ते मूल काय समजून घेणार? ते एवढंच शिकतं की चिन्हं सरांप्रमाणे बदलतात.

ज्यांच्या मापनांवर हा विषय उभा आहे त्यांनीसुद्धा आजची रीत वापरली नव्हती, हे किती शिक्षकांना माहीत आहे? पॅरिसचा मार्सेलँ बर्थलो आणि कोपनहेगनचा ज्युलियस थॉमसन, एकोणिसाव्या शतकात ज्वलनाच्या उष्णता मोजण्यात या दोघांची हयात गेली. अभिक्रियांना उष्मादायी आणि उष्माग्राही ही जोडनावं देणारा बर्थलोच. अन्न किंवा इंधन दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये क्षणात जाळणारा पोलादी बॉम्ब कॅलरीमापी १८८०च्या दशकात त्यानंच रूढ केला. हे दोघेही बाहेर पडलेली उष्णता धन लिहीत. नवी रीत पक्की व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं; १९२३ सालच्या लुईस आणि रँडल यांच्या ऊष्मागतिकीच्या ग्रंथात बदल नेहमी ‘अंतिम वजा आरंभ’ असा घेतला आहे, आणि पुढच्या पिढ्यांनी तेच उचललं. रीत बदलली कारण मुक्त ऊर्जा, एन्ट्रॉपी, एन्थॅल्पी या सगळ्यांचा हिशेब एका वहीत बसवायचा होता. विद्युतघटांच्या बाबतीत तर अमेरिकेतले पुष्कळ रसायनशास्त्रज्ञ आणि युरोपातले रसायनशास्त्रज्ञ एकाच जस्ताला परस्परविरुद्ध चिन्हं देत होते. १९५३ साली स्टॉकहोमला बसून तो वाद मिटवावा लागला. म्हणजे हे माणसांनी, कारणं देऊन, वाद घालून ठरवलेले संकेत आहेत. ज्या मुलाला उष्णतेचा आकडा धन लिहावासा वाटतो, त्याच्या पाठीशी बर्थलो उभा आहे. त्याला गप्प बसवायचा अधिकार लाल पेन हातात आहे म्हणून कुणाला मिळत नाही.

दरवर्षी मी एक प्रयोग करते. बुचात टाचणी खोचायची, टाचणीवर एक शेंगदाणा, वर स्टँडला परीक्षानळी, तिच्यात २५ मिलिलिटर पाणी. शेंगदाणा मेणबत्तीवर धरून पेटवायचा आणि पटकन नळीखाली सरकवायचा. तेलामुळे तो चांगला दीड-दोन मिनिटं जळतो. मागच्या खेपेला दाणा ०.६ ग्रॅमचा होता आणि पाणी ४० अंशांनी तापलं. हिशेब केला तर पाण्याला साधारण ४.२ किलोज्यूल मिळाले. दाण्यापासून निघायला हवे होते १४च्या आसपास. उरलेले वाऱ्यावर गेले, काचेत गेले, नळीच्या बुडाला जमलेल्या काजळीत न जळताच राहिले. मुलं नेहमी या तोट्यावर खट्टू होतात. मला मात्र फळ्यावर तीन वह्या मांडायच्या असतात. पाण्याची वही : +४.२. जळणाऱ्या दाण्याची वही : −१४. हवा, काच आणि काजळीच्या वहीत उरलेलं. तिन्हींची बेरीज शून्य. कॅलरीमापीच्या गणितात उणे चिन्ह नेमकं एकदाच येतं, पाण्याच्या वहीतून अभिक्रियेच्या वहीत जाताना. तो ओलांडण्याचा क्षण मुलांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो, बोटांनी अनुभवलेला असतो, कारण नळी हातात धरवत नाही.

त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, पाण्याला मिळाली ती अधिक, हे कळलं. पण शेंगदाण्यात ती भरून ठेवलेली होती का? कुठे होती?’

हा प्रश्न आमच्या सबंध विभागात कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता. उत्तर असं की एकट्या शेंगदाण्यात ती नव्हतीच. तोच दाणा नायट्रोजनच्या बरणीत ठेवा, जळणार नाही. खातं दाणा आणि ऑक्सिजन यांच्या भागीदारीचं आहे. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते, ती धन. बंध जुळताना ऊर्जा सुटते, ती ऋण. ऑक्सिजनच्या रेणूतला दुहेरी बंध तोडायला दर मोलला ४९८ किलोज्यूल लागतात, दुहेरी बंधाच्या मानानं तो दुबळा. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यात जो बंध होतो तो ८००च्या घरातला. दुबळे बंध मोडून भक्कम बंध जुळले, म्हणून बेरीज ऋण. शरीरातही हेच दिसतं. एका ग्रॅमला चरबी पिष्टाच्या दुपटीहून जास्त ऊर्जा देते, पण खर्च झालेल्या ऑक्सिजनवर मोजलं तर काहीही खा, दर लिटरमागे जवळपास २० किलोज्यूलच निघतात. व्यायामशाळेत तोंडाला मुखवटा लावून ऊर्जेचा खर्च काढतात तो याच आधारावर.

आणि इकडे जीवशास्त्राच्या तासाला त्याच मुलीला सांगितलं जातं, ‘अन्नातले बंध तुटतात आणि ऊर्जा बाहेर पडते. एटीपीचा बंध तुटला की ऊर्जा मिळते.’ बंध तुटून ऊर्जा मिळत नाही. कधीच नाही, कुठल्याही बंधातून नाही. फ्रिट्झ लिपमाननं १९४१ साली एटीपीच्या बंधासाठी वळणदार रेघ वापरली आणि ‘उच्च ऊर्जेचा बंध’ हा शब्दप्रयोग रुळला. त्याचा अर्थ संपूर्ण अभिक्रियेचा होता. एटीपी आणि पाणी मिळून एडीपी आणि फॉस्फेट होतात तेव्हा मुक्त ऊर्जेतला बदल दर मोलला −३०.५ किलोज्यूल, पाण्यासकट, नव्या बंधांसकट. वर्गात तेवढी सगळी अभिक्रिया गाळून नुसता ‘बंध तुटला’ उरतो. बंध तोडण्याची एन्थॅल्पी धन असते हे रसायनशास्त्रात पाठ केलेलं मूल जीवशास्त्रात त्याच बंधाला ऋण समजून उत्तर लिहितं आणि दोन्हीकडे पूर्ण गुण मिळवतं. हे पूर्ण गुण मला त्या कापलेल्या अर्ध्या गुणाहून जास्त लाजिरवाणे वाटतात.

चिन्हाचं हे अज्ञान वर्गात राहिलं असतं तरी एक वेळ सोसलं असतं. ते बाजारात येतं. ‘निगेटिव्ह कॅलरी’ या नावानं काकडी, कोबी, सेलरी खपवली जाते. सांगतात, पचवायलाच जास्त ऊर्जा लागते, म्हणून खाल तितकं वजन घटेल. १०० ग्रॅम काकडीत १५ किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा असते. मिश्र आहार पचवण्यात त्याच्या ऊर्जेचा सुमारे दहावा हिस्सा जातो. सगळ्यांत खर्चीक प्रथिनं, त्यांतही २० ते ३० टक्के. काकडीला प्रथिनांचा दर लावला तरी खाणाऱ्याच्या वहीत शिल्लक धनच राहते. ज्या समाजात बारावी शास्त्र झालेल्या लाखो लोकांना वजा चिन्ह कुणाच्या नावे लावायचं हे शिकवलेलं नाही, तिथे असली जाहिरात बिनदिक्कत खपते.

बिस्किटाच्या पुड्यावर ऊर्जेचा आकडा बिनचिन्हाचा असतो, आणि तो तसाच बरोबर आहे, कारण ती खाणाऱ्याची वही आहे. ही वही नीट मांडली विल्बर ॲटवॉटरनं, १८९०च्या दशकात, कनेक्टिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात. धातूच्या भिंतींची एक लहानशी खोली, आत माणूस दिवसचे दिवस राहणार, खाणार, झोपणार, सायकल मारणार. भिंतीलगतच्या नळ्यांतून फिरणारं पाणी त्याच्या अंगाची उष्णता घेऊन बाहेर येणार. आत गेलेलं अन्न आणि बाहेर आलेली विष्ठा, मूत्र, सगळ्यांची उष्णता स्वतंत्रपणे मोजायची. दोन्ही बाजूंच्या बेरजांत एक टक्क्याहूनही कमी फरक आला. प्रथिनं बॉम्ब कॅलरीमापीत दर ग्रॅमला ५.६५ किलोकॅलरी देतात, शरीराच्या पदरात पडतात ४, कारण युरिया पूर्ण न जळता लघवीवाटे निघून जातो आणि थोडं पचतही नाही. लाकडाचा भुसा बॉम्बमध्ये जवळजवळ साबुदाण्याइतकीच उष्णता देईल. माणसाच्या वहीत त्याचं जवळपास काही जमा होत नाही. पुड्यावरच्या आकड्यामागचे, दर ग्रॅमला कर्बोदकांना ४, चरबीला ९ आणि प्रथिनांना ४ किलोकॅलरी, हे गुणक इथून आलेले आहेत. ही गोष्ट आमच्या अभ्यासक्रमात एका ओळीनंही नाही.

पुड्याचा विषय निघाला म्हणून एक मराठीपुरतं सांगते. इंग्रजीत आहाराची कॅलरी मोठ्या अक्षरानं लिहून किलोकॅलरी सुचवायची पद्धत आहे. देवनागरीत मोठं अक्षर नाही. त्यामुळे आपली वर्तमानपत्रं ‘रोज २००० कॅलरी घ्या’ असं छापतात तेव्हा शब्दशः अर्धा ग्रॅम साखर खायला सांगतात. ‘किलो’ ही दोन अक्षरं छापायला किती शाई लागते?

बैठकीत शेवटी मला सांगण्यात आलं की मुलांचा गोंधळ होऊ नये म्हणून एकच नियम ठेवला आहे, आणि पर्यायी प्रश्नांत दोन्ही चिन्हांचे पर्याय असतात तेव्हा हाच नियम उपयोगी पडतो. गोंधळ मुलांचा नव्हता. मुलानं ‘बदल’ आणि ‘बाहेर पडलेली’ या दोन शब्दांतला भेद ओळखला होता. तो भेद पुसून टाकणारा नियम मोठ्यांनी केला. पर्यायी प्रश्नाचंही तेच. प्रश्नात ‘एन्थॅल्पीतला बदल’ असेल तर −२८०.३, ‘बाहेर पडलेली उष्णता’ असेल तर २८०.३. मुलांना प्रश्न वाचायला शिकवा, दोन्ही पर्याय त्यांना सहज वेगळे करता येतील.

त्या उत्तरपत्रिकेवर मी तो अर्धा गुण परत दिला आणि शेजारी सही केली. दोन दिवसांनी गुणपत्रक आलं तेव्हा तो पुन्हा कापलेला होता. मी मुलाला स्टाफरूममध्ये बोलावून त्याची उत्तरपत्रिका दाखवली आणि त्याचंच उत्तर बरोबर आहे हे त्याच्यासमोर कागदावर लिहून दिलं. तो म्हणाला, ‘मॅडम, मग बोर्डाला काय लिहू?’

मी त्याला सांगितलं, तू लिहिलंस तेच लिही, आणि बदल कुणाचा ते कंसात लिही. यंदाच्या पूर्वपरीक्षेची उत्तरसूची डिसेंबरात माझ्याकडे सहीला येईल. त्यात ‘बाहेर पडलेली उष्णता’ या शब्दांपुढे वजा असेल तर त्या कागदावर माझी सही होणार नाही.